मतदाराची कैफियत

लोकशाहीत मत मागितले जाते, दिले जाते आणि मोजले जाते. परंतु ते देणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणती चिंता होती, कोणती आशा होती आणि कोणता राग होता, हे निवांतपणे विचारून घेण्याची रीत आपल्या सार्वजनिक जीवनात अजून रुजलेली नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत पुणे जिल्ह्यातील आमच्या आंबेगाव मतदारसंघाचा निकाल अवघ्या १,५२३ मतांच्या फरकाने लागला. १९९० पासून सातत्याने निवडून येत असलेले, विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले आणि गृहखात्यासारखे जोखमीचे खाते सांभाळलेले दिलीप वळसे पाटील विजयी झाले आणि एकेकाळचे त्यांचेच सहकारी देवदत्त निकम थोडक्यात मागे राहिले. दोन-चार वाड्यांनी जरी मनाचा कौल बदलला असता तरी फिरला असता, असा हा निकाल. त्यानंतर अवसरी बुद्रुकच्या पारावर, मंचरच्या बाजार समितीत आणि घोडेगावच्या कचेरीबाहेर कितीतरी दिवस आकडेमोड चालली: कोणत्या गावाने आघाडी दिली, कोणती वाडी उलटली, कोणता पुढारी आतून फिरला. लोकांना नेमके काय हवे होते आणि काय मिळाले नव्हते, या प्रश्नाकडे मात्र त्या आकडेमोडीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचा पाठलाग करण्याची एक नवी पद्धत गेल्या काही वर्षांत आकाराला आली आहे. सारा लाँगवेल या रिपब्लिकन पक्षाच्या वर्तुळात दीर्घकाळ काम केलेल्या राजकीय अभ्यासक बाई ‘द फोकस ग्रुप’ नावाचा एक साप्ताहिक पॉडकास्ट चालवतात. निरनिराळ्या राज्यांतील सामान्य मतदारांचे लहान लहान गट एकत्र बसवून त्यांच्याशी केलेल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रित तुकडे त्या श्रोत्यांना ऐकवतात आणि मग एखाद्या जाणकार पाहुण्याबरोबर त्यांचा अर्थ लावतात. वाणसामानाचा वाढलेला खर्च, घरभाडे, औषधोपचाराचा विमा, सीमेवरचे स्थलांतर, मुलांची शाळा अशा विषयांवर ही माणसे अडखळत, स्वतःलाच दुरुस्त करीत, कधी स्वतःच्या पक्षावर रुसत बोलतात. आणि त्या अडखळण्यातूनच, मतचाचणीच्या टक्केवारीत कधीही न सापडणारी गोष्ट हाती लागते, ती म्हणजे माणूस आपल्या मतापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला. हा उपक्रम साप्ताहिक असण्यालाही अर्थ आहे. मतदाराची चिंता निवडणुकीच्या तारखेची वाट पाहत थांबत नाही. ती दर आठवड्याच्या खर्चाबरोबर, पावसाबरोबर आणि बाजारभावाबरोबर बदलत जाते, आणि म्हणून ती ऐकण्याचे कामही नियमाने चालावे लागते.

सातासमुद्रापलीकडच्या मतदाराच्या मनात डोकावून आंबेगावच्या शेतकऱ्याला काय करायचे आहे, असे कोणास वाटेल, तर त्याने दुधाचा विचार करावा. विस्कॉन्सिन हे अमेरिकेतील दुग्धव्यवसायाचे अग्रगण्य राज्य आहे आणि २०१६, २०२० व २०२४ या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत तेथील निकाल तीस हजारांहून कमी मतांनी लागला आहे. ज्या राज्याचा कौल इतका तोलावर असतो, त्या राज्याच्या गोठ्यातील गाऱ्हाणे वॉशिंग्टनमध्ये आपोआप लक्षपूर्वक ऐकले जाते. २०२५ मध्ये भारत-अमेरिका व्यापाराच्या वाटाघाटी अडून राहिल्या आणि ऑगस्टमध्ये भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत चढले, त्या ताणतणावात अमेरिकेच्या शेतमालाला व दुग्धपदार्थांना भारताची बाजारपेठ खुली करावी हा आग्रह एक मोठा विषय होता. अर्थात विस्कॉन्सिनच्या पशुपालकाची चिंता आणि अवसरीच्या दूधउत्पादकाची चिंता एकाच मेजावर समोरासमोर आल्या होत्या. भेद इतकाच की तिकडच्या चिंतेचे ध्वनिमुद्रण झालेले होते, तिचे विश्लेषण झालेले होते आणि ती सत्ताधाऱ्यांच्या कानी सुस्पष्ट शब्दांत गेलेली होती. इकडची चिंता दूध संकलन केंद्राच्या ओट्यावरच विरून गेली.

मुलाखतींचा आपल्याकडे दुष्काळ आहे असे मात्र नाही. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवार यांची जी मुलाखत घेतली, ती ‘महामुलाखत’ म्हणून गाजली आणि महाराष्ट्राने ती आवडीने ऐकली. तिकडे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२४ च्या निवडणुकीच्या ऐन रणधुमाळीत, ऑक्टोबरच्या अखेरीस, जो रोगन यांच्या पॉडकास्टवर सुमारे तीन तास गप्पा मारल्या. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी निखिल कामथ यांच्याशी याच प्रकारे दीर्घकाळ बोलले. नेत्याचे बालपण, त्याचे गुरू, त्याचे वाचन, त्याच्या आयुष्यातील कसोटीचे प्रसंग हे सारे अशा संवादांतून समजते आणि त्यास स्वतंत्र मोल आहे, हे मी मनापासून मानतो. परंतु या सर्व संवादांत एक व्यक्ती कायम अनुपस्थित असते, आणि जिच्यासाठी हा सारा राज्यकारभाराचा डोलारा उभा आहे तीच ती व्यक्ती असते. प्रश्न विचारणारा प्रतिष्ठित, उत्तर देणारा त्याहून प्रतिष्ठित, आणि मतदाराकडे केवळ श्रोत्याची भूमिका. हा क्रम उलटा करण्याची वेळ आता आली आहे.

तो उलटा केला तर एकट्या आंबेगाव तालुक्यात काय काय ऐकू येईल, याची थोडी कल्पना करून पाहू. सकाळी साडेसहाच्या सुमारास कोणत्याही दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहावे. दुचाकीच्या दोन्ही अंगांना अडकवलेल्या किटल्या उतरतात, नमुन्याची वाटी यंत्राखाली जाते आणि क्षणार्धात एक चिठ्ठी बाहेर पडते. त्या चिठ्ठीवरचे फॅट साडेतीन आणि एसएनएफ (स्निग्धांशाव्यतिरिक्त घनपदार्थ) साडेआठ हे दोन आकडे जुळले तर ठरलेला भाव. त्यांतील एखादा पॉइंट घसरला की रुपयांची कपात सुरू. चिठ्ठी हातात घेऊन शेतकरी ती एकदा वाचतो, दुमडून खिशात ठेवतो आणि सरकीच्या पेंडीचा भाव विचारत पुढे जातो. २०२४ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हा जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक आणि आधारशी जोडलेले बँकखाते यांचा मेळ घालता घालता कित्येकांची दमछाक झाली. या माणसाला कोणी विचारले की ‘तुमच्या दृष्टीने सरकार म्हणजे काय?’ तर तो राज्यघटनेतील कलमे सांगणार नाही. तो ती चिठ्ठी दाखवील. आणि राज्यशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाने ती चिठ्ठी जपून ठेवावी, इतकी ती बोलकी आहे.

कांद्याचेही तसेच. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातीवर संपूर्ण बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, आणि शिरूर लोकसभा मतदारसंघातील मतदान १३ मे रोजी होते. बंदी उठल्यावरही किमान निर्यातमूल्याची व शुल्काची अट कायम राहिली आणि उरलेले शुल्क पुरते निघून जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. बराखीत कांदा साठवून भावाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाने त्या महिन्यांत काय काय विकले, कोणाचे लग्न पुढे ढकलले, सोसायटीचे कर्ज कसे नवे-जुने केले, याची कैफियत कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. मतदानाच्या दिवशी ती कैफियत मनात घेऊनच माणसे केंद्रावर गेली असतील, पण मतदानयंत्राच्या कळीला ‘का’ हे सांगता येत नाही.

तालुक्याच्या पूर्वेकडे ऊस आणि बिबट्या यांची गाठ पडली आहे. शेताला पाणी द्यायचे तर थ्री फेज लाइट असेल तेव्हा, आणि ती पाळीने रात्रीची आली की अंधारात मोटार चालू करण्यासाठी विहिरीवर जाणे भाग. जुन्नर वन विभागात हा संघर्ष दोन तपांहून जुना आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला लहान मुले बिबट्याच्या हल्ल्यात दगावली, तेव्हा लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. रस्ता रोखला तेव्हा सर्वांना ऐकू आले. परंतु ‘दिवसा लाइट द्या’ ही मागणी त्यापूर्वी कित्येक वर्षे किती जणांनी किती नम्रपणे केली होती! पश्चिमेकडे, डिंभे धरणापलीकडच्या आदिवासी पट्ट्यात, चिंता निराळी आहे. हुतात्मा बाबू गेनूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जलाशयाखाली जुनी गावे गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच लेकरांना रानातून वेचलेल्या बाळहिरड्याला रास्त भाव मिळावा आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात गेलेल्या हिरड्याची भरपाई मिळावी म्हणून आंदोलने करावी लागली. डिंभे धरणाचे पाणी बोगद्याने माणिकडोह धरणात न्यावे की न न्यावे, या वादात आंबेगाव-जुन्नर आणि खालच्या अंगाचे तालुके परस्परांसमोर उभे ठाकले आहेत. पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावमार्गे आखलेली वाट खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधक ठरते म्हणून बदलण्याचे घाटले, तर तीच रेल्वे आपल्या दाराशी यावी म्हणून तरुण आस लावून बसले आहेत. एका तालुक्याच्या पोटात इतक्या भिन्न चिंता नांदत असताना ‘मतदार विकासाला कौल देतो’ असे एक वाक्य लिहून त्यांची बोळवण करणे हा त्या मतदारावर अन्याय आहे.

यावर कोणी म्हणेल की हे ऐकण्यासाठी ग्रामसभा आहे. ग्रामसभेचे महत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील प्रत्येक मतदाराला दिलेली ती सनदच आहे. परंतु अनुभव असा की गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन उरत नाही आणि मग मोजक्या माणसांत ठराव मंजूर होऊन कागदाला कागद लागतो. शिवाय ग्रामसभेचा अधिकार गावाच्या वेशीपर्यंत. दुधाचा भाव, कांद्याची निर्यात, विजेची पाळी आणि वनखात्याचे पिंजरे हे विषय वेशीबाहेरचे. वेशीबाहेरचा एक जवळचा प्रतिनिधी म्हणजे जिल्हा परिषदेचा सदस्य. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ पुणे जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. इतका काळ ज्या पायरीवर लोकनियुक्त माणूसच नव्हता, त्या पायरीवर उभे राहून मतदाराने दाद मागायची ती कोणाकडे?

सुदैवाने या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्याच्या इतिहासात लिहून ठेवलेले आहे. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांच्या आत, १९५६ साली, युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्रावरून एक असाधारण प्रयोग करण्यात आला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत रेडिओ श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम दहा आठवड्यांत प्रसारित झाले. मंडळातील सुमारे वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, रेडिओ बंद झाल्यावर त्या विषयावर आपसांत चर्चा करीत, आणि तीतून उद्भवलेले प्रश्न व निष्कर्ष लिहून आकाशवाणीकडे पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून परत गावाकडे येत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे कॅनडातील शेतकरी-मंडळांकडून घेतलेले त्याचे सूत्र होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे साक्षेपी मूल्यमापन केले. ज्या खेड्यांत मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली आणि गावातील निर्णयप्रक्रियेत या मंडळांना स्थान मिळू लागले, असे त्यात आढळून आले. युनेस्कोने हा वृत्तांत १९५९ साली प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ही योजना देशभर विस्तारली. पुढे मंडळांची संख्या हजारांत गेली, पण पाठपुरावा क्षीण झाला, प्रश्नांची उत्तरे येण्याचे थांबले, आणि हळूहळू ती योजना मावळली.

या दोन उपक्रमांना शेजारी ठेवून पाहिले की माझे म्हणणे स्पष्ट होते. अमेरिकेतील पॉडकास्ट मतदाराला बोलते करतो, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तेथे मतदाराच्या बोलण्याचा अर्थ लावणारे दुसरेच असतात. त्याचा आवाज नमुना म्हणून घेतला जातो, त्यावरून पक्षांचे डावपेच ठरतात आणि तो स्वतः ज्या प्रश्नासह आला होता त्याच प्रश्नासह घरी जातो. पुण्याच्या प्रयोगाने त्याहून एक पाऊल पुढे टाकले होते: प्रश्न गावातून निघत असे आणि उत्तर त्याच गावात परत येत असे. मराठी मुलखाला ही रीत परकी नव्हती. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसत, वादी-प्रतिवादींच्या जबान्या घेतल्या जात, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांच्या साक्षीने महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, लिहिला जाई आणि त्यावर निशाण्या पडत. जातपातीच्या उतरंडीत बांधलेली ती व्यवस्था आज कोणी परत मागणार नाही, मागूही नये. परंतु सांगितलेली गोष्ट नोंदली गेली पाहिजे आणि नोंदलेल्या गोष्टीचा निवाडा झाला पाहिजे, हे तिचे तत्त्व मात्र आजही जसेच्या तसे ग्राह्य आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की अवसरी बुद्रुकपासून आरंभ करून आंबेगाव तालुक्यासाठी एक साप्ताहिक मुलाखतमाला सुरू व्हावी. त्यासाठी भांडवलाची अडचण नाही. हातातील मोबाइल हेच ध्वनिमुद्रणाचे साधन झाले आहे, आणि शेजारी अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने तंत्राची जाण असलेले तरुण हाकेच्या अंतरावर आहेत. या उपक्रमाने तीन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. पहिला असा की प्रत्येक भागाचा पूर्वार्ध मतदाराचा असावा आणि त्याला मध्येच तोडू नये. दूध घालणारा, खुरपणीला जाणारी, ऊसतोडीला आलेला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात वर्षे घालवणारा तरुण, हिरडा वेचणारी आदिवासी बाई, यांना आपापल्या शब्दांत आणि आपापल्या गतीने बोलता यावे. दुसरा असा की उत्तरार्धात संबंधित लोकप्रतिनिधीने अथवा अधिकाऱ्याने त्याच प्रश्नांना उत्तर द्यावे, स्वतःच्या आवडीच्या प्रश्नांना नव्हे. आणि तो आला नाही तर प्रश्न पुढील आठवड्यात तारखेसह पुन्हा वाचून दाखवावा. तिसरा असा की दिलेल्या आश्वासनाची मुदत नोंदवून ठेवावी आणि ती सरल्यावर त्याच मतदाराकडे परत जाऊन काम झाले की नाही हे विचारावे. या तिसऱ्या नियमाला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण १९५६ चा प्रयोग पुढे निस्तेज झाला तो नेमका पाठपुराव्याच्या जागी.

यातील अडचणी मी जाणतो. गावात मोकळेपणाने बोलणे सोपे नसते. ज्याचा ऊस कारखान्याला जायचा आहे, ज्याचे कर्ज सोसायटीत आहे, ज्याला उद्या दाखला हवा आहे, तो माणूस माइकसमोर शब्द तोलूनच बोलणार. म्हणून व्यक्तीचे नाव जाहीर करण्याचा हट्ट धरू नये; वाडीच्या नावाने, पिकाच्या नावाने, एकत्रित प्रश्न विचारता येतात आणि त्यांचे वजन कमी भरत नाही. स्त्रिया चारचौघांत बोलण्यास संकोचतात असे म्हणतात. पण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यानेच केली आहे, आणि विचारणारी स्त्री असेल, वेळ त्यांच्या सोयीची असेल, तर पाणी, शाळा, रेशन आणि दारू या चार विषयांवर त्यांच्याइतके नेमके बोलणारे दुसरे कोणी मिळणार नाही. धनवान उमेदवार असा उपक्रम विकत घेतील ही भीतीही रास्त आहे. त्यावर उपाय एकच, की उमेदवाराचा किंवा पक्षाचा पैसा मुळीच घेऊ नये आणि जमाखर्च दर महिन्याला गावाच्या फलकावर लावावा. राहता राहिला प्रश्न पुढारी येतील का, हा. ज्या मतदारसंघाचा निकाल १,५२३ मतांवर ठरतो, तेथे प्रश्न टाळण्याची किंमत काय असते हे पुढाऱ्यांना कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

मत देणे ही पाच वर्षांतून एकदा घडणारी कृती आहे. परंतु नागरिक असणे ही रोजची अवस्था आहे. ज्या समाजात पाच वर्षांतून एकदा बोट शाईने रंगवून घेणे एवढाच नागरिकाचा व्यवहार उरतो, तेथे पक्ष फुटतात, चिन्हे बदलतात, निष्ठा इकडून तिकडे जातात आणि या साऱ्या घडामोडींत आपला वाटा काय होता हे मतदाराला कळतही नाही. महाराष्ट्राने २०२२ पासून हे पुरेसे अनुभवले आहे. त्यावरचा उपाय दिल्लीहून किंवा मुंबईहून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणी मंजूर करून द्यावा लागत नाही. पुढच्या वेळी मत मागण्यासाठी जो कोणी अवसरीत येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला भाषणाआधी एवढेच विचारावे की आमच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आपण दर महिन्याला एकदा येथे बसणार का. आणि त्याचे उत्तर नोंदवून घेतल्याखेरीज त्याच्या गळ्यात हार घालू नये.